वजन बरोबर होतं

माझ्या दाजींचा उजवा डोळा माझ्यामुळे गेला. एवढं एक वाक्य लिहायला मला कित्येक वर्षं लागली. आता लिहिलं तरी समाधान नाही, कारण ते वाचून वाटेल की मी दुःखी आहे. दुःख आहेच, पण त्याहून जास्त चीड आहे. शेठची, न आलेल्या पार्सलची, एका अडाणी साहेबाची, आणि सगळ्यांत जास्त माझी स्वतःची. त्या दिवशी माझ्याकडे बोलायला दोनदा वेळ होता आणि मी दोन्ही वेळा गप्प बसलो.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. सुरतेच्या जुन्या भागात बंदुकांचं एक दुकान होतं, तिथे मी कारागीर होतो. आमच्या गावची बाकी मंडळी खानदेशातून आली ती थेट लूमवर गेली. माझा हात कानशीवर बरा चालायचा, म्हणून मी इथे लागलो. दस्ते घासायचे, स्प्रिंगा बदलायच्या, गंज काढायचा आणि लोकांची वापरलेली काडतुसं पुन्हा भरून द्यायची. सरावापुरती काडतुसं भरायची दुकानाला परवानगी होती.

ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. रायफलची गोळी उडाली की पितळेची पुंगळी मागे राहते. ती साच्यात दाबून पुन्हा मापात आणायची, तिच्या बुडाची जळकी टोपी काढून नवी बसवायची, आत तोलून दारू घालायची आणि तोंडाशी शिसं बसवायचं. दारू म्हणजे बंदुकीची दारू, बारीक करडे दाणे. ती सीलबंद डब्यात यायची. डब्यावर नाव आणि नंबर असायचा. त्या नंबरची दारू कोणत्या बंदुकीला किती घालायची त्याचा तक्ता आमच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत होता, काच तेलाच्या बोटांनी काळी झालेली.

त्या वर्षी डबे यायचे थांबले. का थांबले ते शेवटपर्यंत कळलं नाही. शेठ फोन लावायचे आणि फोन ठेवून दर वेळी तेच सांगायचे, "काले आवशे, भाउ." उद्या येईल. मी चार महिने ते 'उद्या' ऐकलं. दोनदा स्वतः ट्रान्सपोर्टवाल्याच्या गोदामात जाऊन साड्यांच्या गठ्ठ्यांमध्ये आमचं पार्सल शोधून आलो. तिथला मुकादम मला पाहिलं की लांबूनच हात हलवायचा.

आणि नेमकी त्याच वेळी दाजींना काडतुसं हवी होती.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सतरा वर्षं फौजेत काढून परतले आणि सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका रंगाई मिलच्या फाटकावर गनमन म्हणून लागले. नोकरी सिक्युरिटी एजन्सीची. लागली ती त्यांच्याकडे स्वतःची परवान्याची तीनशे पंधरा बोअरची रायफल होती म्हणून. रायफलवाल्याला खुर्ची, पगार जास्त, मिलचा मॅनेजरही 'फौजी साहेब' म्हणायचा. नुसत्या लाठीवाल्याला यातलं काहीच नाही. एजन्सीचा नियम असा की दर वर्षी मैदानात साहेबासमोर पाच गोळ्या मारून दाखवायच्या. तीन तरी गोलात लागल्या पाहिजेत, नाहीतर फाटकावर लाठी.

ड्युटीच्या नव्या काडतुसांना हात लावायची मनाई होती आणि बाजारात नवी मिळत नव्हती. दाजींनी एका रविवारी बमरोलीच्या त्यांच्या खोलीत जेवायला बसल्या बसल्या पाच रिकाम्या पुंगळ्या माझ्या ताटाशेजारी मांडल्या.

"शालकबुवा, पुंगळ्या माझ्या, मेहनत तुमची आणि भरीत ताईचं. अजून काय पाहिजे?"

"दाजी, दारूच नाही दुकानात."

ताई भाकरी थापता थापता आमच्या अहिराणीत म्हणाली, "भाऊ, तू कितला दिन सांगशी, आज नही, सकाय नही? तुना शेठले सांग ना जरा जोरमा." आज नाही, उद्या नाही, हे किती दिवस सांगणार, असं तिचं म्हणणं.

"शेठला जोरात सांगायला तो काय तुझा नवरा आहे?" मी म्हणालो. दाजी एवढे हसले की त्यांना ठसका लागला. तेव्हा त्यांचे दोन्ही डोळे मिटले आणि दोन्हींतून पाणी आलं. हे मला अजून का आठवतं ते सांगायला नको.

चाचणीला चार दिवस राहिले तेव्हा मी शेठशी भांडलो. भांडलो म्हणजे गल्ल्यासमोर उभा राहून हलायचं नाव घेतलं नाही. शेठनी वैतागून माळ्याकडे बोट केलं. तिथे त्यांच्या वडिलांनी एका जुन्या लढाईनंतर लष्कराच्या लिलावातून घेतलेला पत्र्याचा डबा होता. मी तो खाली उतरवला. हिरवा रंग, त्यावर पांढरी अक्षरं, एक लांबलचक लॉट नंबर. कुठल्या बंदुकीची दारू, कसली, काही नाही.

"शेठ, ही कुठल्या हत्याराची?"

"अरे भाउ, आ तो मिलिटरीनो माल छे. एमां शुं जोवानुं?" त्यात काय पाहायचं, असं म्हणून ते गिऱ्हाइकाकडे वळले. थोड्या वेळाने मान न वळवताच म्हणाले, "बापुजी वापरता हता."

वडील वापरायचे. कशात वापरायचे हे मी विचारलं नाही. मी झाकण काढून वास घेतला. खराब झालेल्या दारूला आंबट वास येतो, तो नव्हता. दाणे करडे, आमच्या नेहमीच्या दारूसारखेच. जरा बारीक वाटले. तेवढ्यावर मी माझं समाधान करून घेतलं.

आता माझी चूक नेमकी कशी झाली ते सांगतो. ती आळसाची असती तर मला बरं वाटलं असतं. सुरतेत सगळं वजनावर चालतं. जरीची तार तोलून, सूत तोलून, हिरा तर श्वास रोखून तोलतात. आमच्या दुकानाच्या वरच हिऱ्यांचा एक छोटा कारखाना होता. त्यांचा काचेच्या पेटीतला तराजू मी तासाभरासाठी मागून आणला. तक्त्यात आमच्या नेहमीच्या दारूचं जे वजन होतं, अगदी तेवढंच, पाचही पुंगळ्यांत मी या डब्यातली दारू तोलून घातली. एकेक दाणा चिमट्याने काढला, घातला. पंखा बंद केला, घाम पुसायलाही उठलो नाही. तराजूचा मालक हिरेवाला पाहायला आला आणि म्हणाला, "भाउ, तमे तो अमाराथी पण पाका." आमच्याहून पक्के. मला अभिमान वाटला. वजन बरोबर आहे म्हणजे माल बरोबर आहे, असं त्या गावात वीस वर्षं राहून माझ्या हाडात मुरलं होतं.

खरं तर मला ठाऊक असायला हवं होतं, आणि त्यासाठी कुठलं पुस्तक लागत नव्हतं. लहानपणी चुलीपुढे बसून मी तुराट्या आणि बाभूळ दोन्ही जाळलेली आहेत. भारभर तुराट्या घातल्या की एकदम भडका, दूध उतू गेलंच. तेवढ्याच वजनाची बाभूळ संध्याकाळपर्यंत निवांत जळते. वजन तेच, जळण्याची चाल वेगळी. दारूचंही तेच आहे. प्रत्येक जातीच्या दारूची जळण्याची चाल वेगळी, म्हणून तक्त्यात एका नंबरचं वजन दुसऱ्या नंबरला चालत नाही. डब्यावर नंबर नसेल तर ती दारू वापरायची नाही, बस्स. याच्या मागेपुढे काही नाही. मला कामाला लावताना दुकानातल्या जुन्या कारागिराने पहिल्या आठवड्यात हेच सांगितलं होतं. मी मान हलवली होती.

चाचणीच्या सकाळी सचिनच्या पलीकडच्या मोकळ्या मैदानात मी काडतुसं घेऊन गेलो. एजन्सीचे साहेब खुर्चीवर, बाजूला मिलचा मॅनेजर, आठ-दहा गार्ड. दाजी कडक इस्त्रीच्या गणवेशात. त्यांनी नळी साफ करायच्या गजाला जुन्या बनियनची पांढरी चिंधी गुंडाळली, चेंबर म्हणजे काडतूस बसतं ती जागा आतून पुसली आणि चिंधी माझ्यापुढे धरली.

"बघ. कोरी. चेंबरमध्ये तेलाचा टिपूस राहिला तर बोल्टवर जोर येतो. फौजेत यासाठी उस्ताद कान पिळायचा."

मी पाहिली. चिंधी कोरी होती. हे वाक्य लक्षात ठेवा.

मग त्यांनी एक काडतूस बोटांत फिरवलं आणि सहज विचारलं, "दारू कोणती मिळाली शेवटी?"

"नेहमीचीच," मी म्हणालो.

का म्हणालो? साहेब घड्याळ पाहत होते. 'वेगळी आहे' म्हटलं असतं तर दाजींनी काडतुसं परत दिली असती, इतके ते शिस्तीचे होते. मग चाचणी गेली असती, खुर्ची गेली असती आणि ताईच्या घरात मी महिनाभर 'दारू मिळवू न शकलेला भाऊ' राहिलो असतो. हे सगळं मी तेव्हा मोजलं असं नाही. तोंडातून शब्द गेला.

पहिली गोळी. आवाज नेहमीपेक्षा कोरडा आणि मोठा. पलीकडून कुणीतरी ओरडलं, "गोलात!" गार्डांनी टाळ्या वाजवल्या. दाजींनी बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारी दांडी, उचलला, तो चटकन उचलला गेला नाही, अडकल्यासारखा झाला. पुंगळी माझ्या पायाशी पडली. मी उचलली. बुडाची टोपी सपाट झाली होती, कडा पसरून पितळेला भिडलेल्या. मी नखाने ती कड खरवडली. दाब जास्त झाला की टोपी अशी होते. ते ओळखणं हेच माझं काम होतं, त्याचाच मला पगार मिळत होता.

मी काही बोललो नाही.

दुसरी गोळी. पुन्हा गोलात. या वेळी बोल्ट उघडायला दाजींना तळहाताने दोनदा ठोकावं लागलं. त्यांनी माझ्याकडे मान वळवली. रागाने नव्हे, विचारल्यासारखी. एक गार्ड ओरडला, "फौजी, एक और, बस!" साहेब हसत होते. मी दाजींच्या नजरेला नजर दिली आणि मान हलवली. चालू द्या, असा तिचा अर्थ होत होता.

तिसऱ्या गोळीला पुंगळीचं बूड फाटलं. गरम वायू आणि पितळेचा चुरा बोल्टच्या फटीतून मागे आला. दाजी ओरडले नाहीत. रायफल खाली ठेवली, नीट, नळी समोरच्या बाजूला करून, आणि मग दोन्ही हात तोंडावर घेतले.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी डोळ्यातून पितळेचे कण काढले. डोळा राहिला, पण दिसणं गेलं. खिडकी कुठे आहे एवढं त्याला कळतं. ताई धावत आली आणि माझा दंड धरून विचारत राहिली, "काय व्हयनं रे भाऊ? काय व्हयनं?" मी म्हणालो, "काडतूस फुटलं." एवढंच, जसं काही ते आपल्या मनाने फुटलं.

तिसऱ्या दिवशी एजन्सीचे साहेब चौकशीला आले. त्यांना बंदुकीतलं काही कळत नव्हतं, पण कुठूनतरी एक गोष्ट ऐकून आले होते. दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या दाजींना त्यांनी विचारलं, "चेंबर में तेल तो नहीं रह गया था?"

दाजी आठवू लागले. त्या धक्क्याने त्या सकाळचं, गोळ्या मारायच्या आधीचं, बरंचसं पुसून गेलं होतं. "पोछा था साहब," ते म्हणाले. मग आवाज खाली आला. "पोछा ही होगा. आदत है."

'पोछा था' वरून 'पोछा होगा' वर ते माझ्यासमोर आले. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. ती कोरी चिंधी पाहिलेला माणूस त्या खोलीत मीच होतो. साहेबांनी कागदावर लिहिलं की गार्डने हत्याराची निगा नीट राखली नाही, चेंबरमध्ये तेल राहिलं. दाजींनी अंदाजाने खाली सही केली.

दुकानात गेलो तर माळ्यावरचा डबा नव्हता. शेठ म्हणाले, "तापीमां." नदीत. पुढे हिंदीत म्हणाले की कागद झालाय, मामला मिटलाय, रायफल पण जुनी होती, तू कशाला तोंड उघडतोस. मला इतका राग आला की हातातली कानशी मी भिंतीवर फेकली. तक्त्याची काच फुटली. दुसऱ्या दिवशी शेठनी तिथे नवी काच बसवलेली होती. त्या माणसावर धड रागावताही यायचं नाही. मी वर्षभरात ते काम सोडलं आणि भेस्तानला लूमचे सुटे भाग बनवणाऱ्या एका लेथवर लागलो.

दाजींची गनमनची नोकरी गेली. रायफल त्यांनी जमा केली. भेस्तानमध्येच एका कापडाच्या गोदामांच्या आवारात त्यांना चाव्या सांभाळायचं काम मिळालं. माझ्या लेथपासून दहा मिनिटांवर. मी जेवणाच्या सुट्टीत जायचो, आणि तिथेच मला ते पहिल्यांदा दिसलं. दाजी प्रत्येक कुलूप उघडण्याआधी खिशातली चिंधी काढून कोरडं पुसायचे. मग चावी पुसायचे. घरी ताट वाढलं तरी ते उलट-सुलट पुसायचे. ताई चिडायची, "आत्ताच तं धुयेल शे!" ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे, चिंधी उजेडात धरून डाव्या डोळ्याने बघायचे आणि घडी करून ठेवायचे.

मला माहीत होतं ते काय बघतात.

मी सांगायला निघालो नाही असं नाही. एकदा गोदामावर विषय काढला तर टेम्पो आला. एकदा घरी म्हणालो, "दाजी, त्या दिवसाचं..." तर ते म्हणाले, "सोड रे. फौजी माणूस आणि चेंबर ओला. लाज वाटते, नको काढू." एकदा दिवाळीत मी ठरवून गेलो आणि त्यांनीच मला मिठी मारली, मग पुढे काय बोलणार? अशी चार वर्षं गेली. दर वेळी परतताना सायकलवर मी मोठ्याने स्वतःला शिव्या द्यायचो. रस्त्यावरचे लोक बघायचे.

शेवटी सांगितलं ते एका कुलपामुळे. पावसाळ्यानंतर एक कुलूप गंजून बसलं होतं. मी खिशातली तेलाची बाटली काढली आणि दोन थेंब सोडले. दाजींनी माझा हात धरला. जोरात. "नको! तेल नको." कापडाच्या गोदामाचं कुलूप ते, आणि हा माणूस त्याला तेल घालायला घाबरत होता.

"चेंबर कोरा होता दाजी," मी म्हणालो. "मी चिंधी पाहिली होती. तुम्ही मला दाखवली होती. दारू वेगळी होती. मी बदलली."

मग मी सगळं सांगितलं, डबा, तराजू, 'नेहमीचीच'. ते ऐकत राहिले. मला वाटलं डोळ्याबद्दल बोलतील. माझ्या कानाखाली मारतील असंही वाटलं, आणि मला ते हवं होतं.

"चार वरीस," ते म्हणाले. आवाज चढत गेला आणि घरातली बोली बाहेर आली. "चार वरीस मी स्वतःले गाया देत ऱ्हायनू! डोया गया ते गया. ते नशीब. पण तुले ठाऊक होतं चिंधी कोरी होती, आणि तू माले ती एक गोष्ट सांगी नही?"

चार वर्षं ते स्वतःला शिव्या देत राहिले, डोळा गेला तो गेला. पण मला ठाऊक होतं, आणि मी त्यांना ती एक गोष्ट सांगितली नाही.

दोन महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. मग ताईकडून निरोप आला की कागदावर लिहून आण. मी रात्रपाळी बुडवून लिहिलं आणि घेऊन गेलो. दाजींनी ताईला समोर बसवलं आणि मला वाचायला लावलं. मी वाचलं. 'दुसऱ्या गोळीनंतर मला समजलं की दाब जास्त आहे,' या वाक्याशी त्यांनी हात वर केला.

"पहिल्या."

"काय दाजी?"

"पहिल्या गोळीनंतर. तू पुंगळी उचलून नखाने खरवडत होतास. मी पाहिलं होतं. तेव्हा दोन्ही डोळे होते मला." ते ठरवल्यासारखं शांतपणे बोलत होते. "कबूल करतोस तर पुरतं कर."

ताईने पदर तोंडाला लावला. मी 'दुसऱ्या' खोडून 'पहिल्या' लिहिलं. इतक्या वर्षांनी, सगळं कबूल करायला बसूनही मी एक गोळी वाचवली होती.

तो कागद घेऊन आम्ही दोघं एजन्सीत गेलो. जुन्या रिपोर्टला जोडून ठेवा, एवढंच दाजींचं म्हणणं होतं. ऑफिस दुसरीकडे गेलं होतं. तिथे गेलो तर साहेब बदललेले, कारकून म्हणाला जुने कागद रद्दीत गेले, आता हा कशाला जोडू? आम्ही दुसऱ्यांदा गेलो. तिसऱ्यांदा त्याने आत बसूनच 'चाचा, अब छोड़ो' म्हटलं. बाहेर येऊन मी त्या दाराला लाथ मारली. दाजींनी मला खांद्याला धरून बाजूला केलं, कागदाची घडी घातली आणि फौजेच्या डिस्चार्ज बुकात ठेवली. ती अजून तिथेच आहे.

कुलपं ते पुढेही पुसतच राहिले. एकदा मी विचारलं, "आता कशाला?"

"सवय शे," ते म्हणाले, चिंधी उजेडात धरली आणि मग माझ्यापुढे केली. "बघ."

मी पाहिली आणि या वेळी मोठ्याने म्हणालो, "कोरी आहे, दाजी."